फाटकावरचं कच्चं लिंबू

“कुणाकडे जायचंय?” आजीने विचारलं, आणि खांद्यावर तोफ घेतलेला शत्रू किल्ल्याच्या फाटकासमोर गचकन थांबला.

कप्तानने कपाळावर हात मारला. आजी तिच्या शेजारीच सोफ्यावर बसली होती, मांडीला मांडी लावून, कानाला हेडफोन, हातात कंट्रोलर. निदान आज तो उलटा धरलेला नव्हता, हीच काय ती आठवड्याभराची प्रगती.

“आजी, तो शत्रू आहे. त्याला विचारायचं नसतं, उडवायचं असतं.”

“उडवते की. आधी नाव तर कळू दे.”

आजीने चौतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर काढली होती. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला उठायची, घराच्या दाराची कडी तपासायची आणि परत येऊन गप्प बसायची. तेवढ्यात संघातली चौथी खेळाडू परीक्षेचं कारण सांगून पळाली. वरच्या मजल्यावरचे जुळे भाऊ म्हणाले, घे आजीला कच्चं लिंबू म्हणून. शत्रूचा झेंडा पळवून आपल्या किल्ल्यात आणायचं काम आपण तिघं करू. फाटकाची कळ तेवढी आतल्या माणसाने दाबायची असते. ती दाबेल आजी.

पण आज कच्चं लिंबू परवडणारं नव्हतं. समोर दाढीचा संघ होता. दाढी दहावीतला, हनुवटीवर मोजून सात केस. त्याच्याकडून कप्तान आजवर नऊदा हरली होती, आणि आज तावातावाने पैज लावून बसली होती. जिंकेल त्याने समोरच्या संघातला हवा तो खेळाडू घ्यायचा. महिनाभरासाठी. दाढीचा डोळा थोरल्या जुळ्यावर आहे, हे शाळेच्या शिपाईकाकांनाही माहीत होतं. तसा नेमबाज अख्ख्या शाळेत नव्हता. तो गेला की संघाचा कारभार आटोपला.

या खेळात दोन्ही बाजूंना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. आजीचा आवाज तर भिंतीपलीकडेही गेला असता.

“नाव सांग, बाळ.”

तोफवाला चाचरला. “मी… दाढीच्या संघातला.”

“दाढी म्हणजे पालक का तुझे? घरी सांगून आलायस?”

“हो. म्हणजे, आईला माहितीय.”

“मग बाजूला उभा राहा. रांगेत. तुझ्यामागे कोण?”

मागचाही उभा राहिला. त्याच्या मागचाही. तोफ, भाला आणि बंदूक, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी असावीत तशी. का, ते नंतर तिघांनाही सांगता आलं नाही. तो आवाजच तसा होता. ऐकला की आपण काहीतरी केलंय असं वाटायचं.

कप्तानच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिकडच्या किल्ल्यात दाढी एकटाच. “पळा,” ती सोफ्यापाशी खाली बसलेल्या जुळ्यांना म्हणाली. थोरल्याने लांबूनच दाढीला टिपलं. कप्तानने झेंडा उपटला.

“गाढवांनो, रांगेत काय उभे राहिलात? आत घुसा,” दाढी ओरडला.

“थांब ना, माझा नंबर आलाय,” तोफवाला म्हणाला.

चाळीस सेकंद उरले होते. कप्तान धापा टाकत फाटकाशी पोचली. “आजी, उघड.”

फाटक हललं नाही.

“हातात काय आहे?”

“झेंडा.”

“कुणाचा?”

“त्यांचा.”

“विचारून घेतलास?”

कप्तानने मान वळवून सोफ्यावरच्या आजीकडे बघितलं. “आजी, मी तुझी नात आहे. ही काय, इथे बसलेय.”

आजीने पडद्यावरची नजर काढली नाही. “फाटकावर नातंगोतं नसतं. दुसऱ्याची वस्तू घेऊन आत यायचं नाही. जा, ठेवून ये.”

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग जुळे हसले. कप्तानने रागवायचा जिवापाड प्रयत्न केला, पण तो राग ओठांवरच फुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत असतानाच पुन्हा जिवंत झालेला दाढी मागून आला, आणि त्याने तिलाही टिपलं, जुळ्यांनाही. वेळ संपेपर्यंत झेंडा कुणाच्याच किल्ल्यात पोचला नाही की टिपलेली माणसं मोजतात. तीनास एक.

“आपण जिंकलो का?” आजीने विचारलं.

“नाही, आजी.”

“मग हसत का होतात सगळे?”

थोरल्या जुळ्याने, सामान बांधावं तसा, हेडफोन गळ्यात घेतला.

दाढीने घसा खाकरला. “आम्हाला… आजी हव्यात.”

“आजी मिळायची नाही,” कप्तान ताडकन म्हणाली. “थोरल्याला ने. दोघांनाही ने.”

“अगं?” थोरला म्हणाला.

“पैज म्हणजे पैज,” आजी म्हणाली. ती आत्तापासूनच ताठ बसली होती.

बदल्यात दाढीने तोफवाला दिला. दुसऱ्या दिवशी सात वाजले, पण घराची कडी तपासायला कुणी उठलं नाही. कप्तान मैदान तुडवत दाढीच्या फाटकाशी पोचली. शेजारी, मांडीला मांडी लावून बसलेल्या बाईने करड्या आवाजात विचारलं, “कुणाकडे जायचंय?”

कप्तानने बंदूक खाली ठेवली.

“तुझ्याकडे.”

“मग रांगेत ये.”

कप्तान रांगेत गेली. तिच्यापुढे, स्वतःच्याच किल्ल्याबाहेर, तिचा झेंडा हातात धरून दाढी उभा होता.