ओल्या वाळूतलं गणित

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून मालनआजींचं कुटुंब निर्जन किनाऱ्यावरच्या छोट्या रिसॉर्टवर आलं होतं. मुलगा, सून आणि नातू पाण्यात उतरले. नात ऋता आजीपाशी राहिली.

आजींनी ओल्या वाळूत बोटाने लिहिलं: ७ + ५ =

"आजी, इथेपण गणित? काय गं यार!"

लाट येऊन ओसरली. आकडे पुसले गेले नव्हते. उलट पुढे १२ उमटलं होतं.

"तू लिहिलंस ना गं?" आजींनी विचारलं.

"नाही. हात बघ, कोरडे आहेत."

आजी उसन्या अवसानाने हसल्या. "बरं, आपण सगळे किती जण आलोय?"

ऋताने लिहिलं: ५

दुसरी लाट येऊन गेली. पाचापुढे वजाबाकीची सरळ रेघ ओढलेली होती.

"आजी, किती वजा करायचे?"

आजींनी मान वर केली. कंबरभर पाण्यातून तिघंही हसत हात हलवत होते, आणि त्यांच्या पाठीमागे तिसरी लाट उठली होती.