निळी पावलं

चार महिने कानिफनाथांना रोज संध्याकाळी ताप चढायचा. पोटातल्या गाठी कॅन्सरच्या की नुसत्या सुजेच्या, हे पाहायला डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वी पुण्याला धाडलं होतं. आज ते पुणतांब्याला गाडीतून उतरून घरी आले. छबूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नवऱ्याच्या पायांवर पाणी घातलं आणि त्या थबकल्या. पावलं निळी पडली होती. दुखणं पायांत उतरलं, अशा समजुतीने त्या ते निळेपण वजरीने घासून काढू लागल्या. कानिफनाथ खुदखुदू लागले. “अगं, गुदगुल्या व्हत्यात. फोटूत गाठी दिसाव्यात म्हनून पायांत सुईनं रंग सोडलाय.” “मग? कसल्या निघाल्या?” “सुजेच्या. कॅन्सर न्हाई. औषधानं बसतील.” छबूबाईंनी वजरी कोनाड्यात ठेवली, पदराने पावलं टिपली. “चपला घालू नगा,” त्या म्हणाल्या. “असंच गावातनं फिरून या. आठ दिसांपासनं बाया डोळं पुसत धीर द्यायला येत्यात. त्यांना बी ही पावलं चालताना बघू द्या.”