शिशाचा एप्रन

खोटं बोललात तुम्ही, संचालकसाहेब. एक्स-रेच्या खोलीवर लाल अक्षरांत पाटी ठोकलीत, 'शिशाच्या एप्रनशिवाय आत पाऊल टाकू नये', आणि सगळ्या इस्पितळाला एप्रन दिलात एक. तोही खुंटीला नाही. एक्स-रे काढणाऱ्या मास्तर रुफिनोच्या बुडाखाली.

उंच पठारावरच्या ओरुरो गावाच्या थंडीत लोखंडी स्टूल म्हणजे बर्फाची लादी. मास्तरानं तो जड एप्रन चौघडी करून स्टुलावर टाकला होता, आणि गालात कोकाची पानं धरून वर्षानुवर्षं त्यावर बैठक मारली होती. एखादं पोर हालायला लागलं, धरायला माणूस हवा झाला, की मास्तर उठायचा, एप्रन झटकायचा आणि शिकाऊ पोरीच्या अंगावर फेकायचा.

"घाल. ऊब आणून ठेवलीय तुझ्यासाठी."

आणि स्वतः जाड भिंतीमागे जाऊन बटण दाबायचा.

एमिल्से चोके ही यंदाची शिकाऊ पोर. आज तिचा शेवटचा दिवस. संचालकांची सही झाली की ती तंत्रज्ञ. नाही झाली, तर आईशेजारी बाजारात बसून जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, विकायची.

सकाळी खाणकामगाराची बायको खोकणारं पोर पाठीला बांधून आली. बाई पोटुशी, तिला आत थांबवता येईना. पोर एमिल्सेनंच धरलं, नेहमीसारखं. फोटो निघाला, पोर आईकडे गेलं. एप्रन सोडताना एमिल्सेचं बोट घडीवरून फिरलं. आतलं शिसं तुटक्या पापडासारखं हाललं.

तिनं एप्रन मास्तराला परत दिला नाही. मशीनखाली टेबलावर पसरला, खाली फिल्म सरकवली.

"ए, काय चाललंय?"

"पेशंट आहे."

"डोकं फिरलं का तुझं! फिल्मा मिळत नाहीत, आणि तू पेशंटच्या वाटची—"

"मास्तर, बटण दाबतेय हं," भिंतीमागून एमिल्से म्हणाली.

मास्तर धूम पळाला भिंतीमागे. बटण म्हटलं की त्याचे पाय त्याला विचारत नसत.

फिल्म धुतली. ओली असतानाच ती घेऊन एमिल्से थेट संचालकांच्या खोलीत शिरली आणि भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीत तिनं ती अडकवली. मागून धापा टाकत मास्तर आला आणि दारातच थबकला.

फिल्मवर पांढरंशुभ्र शिसं. त्यावर काळी फुली, जिथं जिथं घडी होती तिथं तिथं भेगांतून किरण आरपार गेले होते. दोन भेगा एकमेकींना मिळाल्या होत्या तिथं अंगठा जाईल एवढं भोक होतं. अंगात घातला तर बेंबीच्या जरा खाली.

संचालक डॉक्टर उरियोस्तेंनी मान वर करून फिल्म पाहिली. त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे करायला कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. एप्रनची घडी घालायची नाही, टांगायचा. वर्षातून एकदा मशीनखाली घालून बघायचा. पहिल्याच तासाला शिकवलंत. परीक्षेतही विचारलंत."

डॉक्टरांनी मास्तराकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" मास्तर म्हणाला. "दर हिवाळ्यात नवा एप्रन मागतोय मी. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी." थोडं थांबून तो पुटपुटला, "उशीसुद्धा मागितली होती."

डॉक्टरांनी हात लांबवून पेटीचा दिवा बंद केला. मग खणातून एमिल्सेचा कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ पोरी, तू हुशार आहेस. ती फिल्म उतरव. मी इथं सही करतो. उद्यापासून तू या इस्पितळाची नाहीस, हे इस्पितळ तुझं नाही. उगाच कशाला लोढणं गळ्यात घेतेस?"

कागदावर तिचं नाव छापलेलं होतं. आईनं तो टांगायला आठ दिवसांपासून घरच्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. एमिल्सेनं कागदाकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात सोमवारपासून शिकायला येणाऱ्या नव्या तुकडीच्या दोघी पोरी, एक उंच, एक बुटकी, मशीनची खोली बघायला आल्या होत्या. नवे कोरे पांढरे कोट घालून खिदळत होत्या. पाटीवरचं वाक्य एकीनं दुसरीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

एमिल्सेनं पेटीचा दिवा पुन्हा लावला.

"चोके, मी शेवटचं सांगतोय."

"सही करा नाही तर करू नका. फिल्म इथंच राहणार." ती पेटीला पाठ लावून उभी राहिली. काळी फुली तिच्या खांद्यावरून डॉक्टरांकडे बघत होती. "मला फक्त एवढं सांगा, डॉक्टर. सोमवारी हा एप्रन कुणाच्या पोटावर बांधणार आहात? त्या उंच पोरीच्या, की बुटकीच्या?"