नवसाची बाटली

थायलंडमधल्या लाम्पांगच्या सोमखितकाकांचा अकरा वर्षांचा लॅपटॉप महिन्यात तिसऱ्यांदा आजारी पडला. दर वेळी काका खिडकीपाशी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचे, कीबोर्ड उघडून पुसायचे. आणि लामदुआनकाकू खिडकीबाहेर, खांबावरच्या इवल्याशा देवळातल्या, घराची राखण करणाऱ्या भूमिबाबांना नवस बोलायच्या. लॅपटॉप चालू झाला, की लगेच लाल सोड्याची बाटली, टोपण काढून, स्ट्रॉ घालून, बाबांपुढे हजर!

आठ दिवसांत कीबोर्ड पुन्हा बंद.

"टाका आता भंगारात, नवा घ्या!" काकू वैतागल्या. "रविवारी लेक ओसाकाहून व्हिडिओ कॉलवर नातीला दाखवणार आहे. मला ती चांगली मोठ्ठी बघायचीय, मोबाइलवर पेरूएवढी नको."

या खेपेला काकांनी भिंगच लावलं. बटणांखाली मुंग्यांनी संसार थाटला होता! त्यांच्या रांगेचा माग काढत काका खिडकीतून अंगणात उतरले, ते थेट देवळातल्या स्ट्रॉपाशी पोचले.

"अगं, बघ तुझा नवस! बाबांचा प्रसाद खातात आणि बिऱ्हाड माझ्या लॅपटॉपमध्ये करतात!"

"मग काय, बोललेला नवस बुडवू?" काकू फणकारल्या.

काकांनी मुंग्यांना घराबाहेर काढलं, आणि रविवारी नात पडदाभर हसली.

 

संध्याकाळी काकूंनी बाबांपुढे बिनसाखरेच्या सोड्याची बाटली ठेवली आणि हात जोडले, "राग मानू नका, बाबा. आता तुमचंही वय झालं, साखर सांभाळलेली बरी."