पाचवा

राउटरवर काय काय जोडलेलं आहे त्याची यादी अमृत मोठ्यानं वाचायला लागला, तेव्हा साळूबाई उंबऱ्याशी बसून बाजरी पाखडत होती.

"टीव्ही. कॉम्प्युटर. आबा, हा तुमचा मोबाईल. हा मोनिकाताईंचा."

तिचा नवरा गहिनीनाथ खुर्ची ओढून अमृतच्या खांद्याशीच बसला होता. आज चोर सापडणार याची त्याला खात्री होती. दोन महिने झाले, नेटचा महिन्याचा कोटा वीस तारखेलाच आटपायचा. त्याची सून मोनिका घरी बसून गावाचे पीकविम्याचे फॉर्म भरायची, ते अडकून पडायचे. त्यात कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या गावाची आधार कार्डं. कुणी आत शिरलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही, म्हणून त्यानं सुनेला न विचारता संगमनेरहून नेटवाल्या अमृतला भरदुपारी बोलावून घेतलं होतं. मनातल्या मनात त्यानं शेजारच्या वस्तीवरची पोरं पकडलीसुद्धा होती. माणूस एकदा संशय घ्यायला लागला की त्याला पुरावा लागत नाही. "ऱ्हाऊ द्या आबा, मी बघते," असं मोनिका कितीदा म्हणाली होती. तिचं ऐकलं असतं तर फार बरं झालं असतं.

"आणि हा पाचवा," अमृत म्हणाला. "रोज दुपारी चालू होतो. फोटो, व्हिडिओ आपोआप नेटवर चढवायला लागतो, ते अर्धवट राहतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. सगळं नेट हाच खातोय. आत्तासुद्धा चालू आहे. नाव दिसतंय सुनील. हे कोण?"

सूप थांबलं. सुनील हा गहिनीनाथचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी चंदनापुरीच्या घाटात मोटरसायकलवरून पडून वारला. त्याचा मोबाईल दवाखान्यातल्या गर्दीत कुणीतरी लांबवला, असं मोनिकानं सगळ्यांना सांगितलं होतं. अमृतला बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"कुठं हाय त्यो?" साळूबाईनं विचारलं.

"घरातच आहे मावशी. रेंज फुल दाखवतंय."

साळूबाईनं खरोखरच मान वळवून घरभर पाहिलं. तिचं ते पाहणं गहिनीनाथला बघवलं नाही.

मोनिका चहाचे कप तसेच ठेवून आतल्या खोलीत गेली. गहिनीनाथ तिच्यामागे गेला. कपाटाच्या आडोशाला चार्जरला लावलेला, काच तडकलेला मोबाईल तिनं काढला, पण हातात देईना.

"दवाखान्यात माझ्याच हातात दिला हुता," ती हळू म्हणाली. "त्यांचा आवाज हाय ह्यात. दोन महिने झाले, दुपारी सगळे निजले की ऐकते. आबा, तुमी नका बघू."

त्यानं तो घेतलाच. सुनील गेला त्या संध्याकाळचे न उचललेले तीन कॉल होते. तिन्हींवर नाव एकच, आई. सहा वाजून बारा मिनिटं, तेरा मिनिटं, चौदा मिनिटं. सव्वासहाला दुधाच्या टेम्पोवाल्याला सुनील रस्त्यात पडलेला दिसला होता, आणि मोबाईल त्याच्या हातात होता, हे त्या टेम्पोवाल्यानं गावभर सांगितलं होतं.

त्या दिवसापासून साळूबाईनं फोनला हात लावलेला नव्हता. माहेरचा फोन आला तरी ती नुसती मान हलवायची. गहिनीनाथ समजायचा, दुःखामुळे.

"ह्ये तीन पुसून टाकायचं म्हनलं हुतं," मोनिका म्हणाली. "त्यांचं काहीच पुसवत न्हाई मला."

साळूबाई दारात येऊन उभी होती. तिनं नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला, उलटासुलटा करून पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं तो परत त्याच्याच हातात दिला.

"अवो, वाचून सांगा. शेवटचा फोन कुनाचा हुता?"

गहिनीनाथनं मोबाईलची काच अंगठ्यानं झाकली.

"मी केल्ता त्या सांजंला. तीनदा केल्ता. कालवडीचं औषध आन म्हनायला." तिचा आवाज एवढासा झाला. "त्यानं उचलला न्हाई. शेवटचा माझाच हुता का? खरं सांगा."

"माझा हुता," मोनिका म्हणाली आणि तिनं सासऱ्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. "तुमचे तीन आदीचे हायेत, आत्या. तवा ते घाटात शिरलेबी नव्हते. मंग माझा आला. त्यो बघायला त्यांनी मोबाईल काढला."

गहिनीनाथनं तोंड उघडलं. मोनिकानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. बायकोला वाचवायचं की सुनेला, हे ठरवायला त्याला तेवढाच वेळ मिळाला. आपण गप्प बसलो याची लाज त्याला त्याच क्षणी वाटायला लागली होती, तरी तो बोलला नाही.

"आबा, या पाचव्याला बंद करून टाकू का?" बाहेरून अमृतनं विचारलं.

साळूबाईनं श्वास सोडला. आठ महिन्यांत तो पहिल्यांदाच पुरता बाहेर पडला असावा. भिंतीला धरून ती खाली बसली आणि मोकळेपणी, आवाज करून रडली. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली.

"म्हंजी तू घेतलास माझा लेक."

"व्हय, आत्या," मोनिका म्हणाली, आणि सासूचा हात पोचेल इतक्या जवळ जाऊन बसली.