सोबतीचं माणूस

दाढ निघाली, तरी काका खुर्चीतच होते. नुसते होते असं नाही, हाताची घडी घालून छताकडे बघत निवांत पडले होते. डॉक्टरबाईंनी दाढ ट्रेमध्ये ठेवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

थोपटायलाच हवी होती. हे काका तीस वर्षं अग्निशामक दलात होते. पेटत्या इमारतींमध्ये शिरून त्यांनी माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणली होती. पण दाताच्या दवाखान्याची पाटी दिसली की त्यांची पाचावर धारण बसायची. पहिल्या वेळी ते बाहेरच्या बाकावरूनच पसार झाले. दुसऱ्या वेळी भुलीची सुई पाहून त्यांनी जी धूम ठोकली, ती गळ्यातल्या कागदी फडक्यासकट थेट बसस्टॉपपर्यंत. इकडे दाढेखाली पू, गाल टम्म सुजलेला. आणखी आठवडा गेला असता तर इस्पितळात भरती व्हायची वेळ आली असती.

म्हणून या खेपेला बाईंनी भीती कमी करायची गोळी लिहून दिली. एकच. दाढ काढायच्या तासभर आधी घ्यायची. अशा गोळ्यांच्या बाबतीत बाई महाचिकट. त्यांनी काकांना समोर बसवून तेवीस प्रश्न विचारले. रक्तदाब आहे का, साखर आहे का, रक्त पातळ करायचं काही घेता का, झोपेचं, खोकल्याचं, दारू किती, घोरता का. काकांनी तोंड उघडायच्या आत काकूंचं उत्तर तयार असायचं. गोळीचं नाव, ताकद, उपाशीपोटी की जेवून, सगळं तोंडपाठ. असे नातेवाईक सगळ्यांना मिळोत, असं बाईंना वाटून गेलं.

"गोळी घेतल्यावर गाडी चालवायची नाही, काका. आणि एकट्यानं यायचं नाही. सोबतीला भानावर असलेलं माणूस हवं."

"मी आहे ना," काकू म्हणाल्या.

आज आल्या आल्या बाईंनी काकांना विचारलं होतं, गोळी घेतली ना? काकांनी ठामपणे मान डोलावली होती. आणि खरंच, माणूस कसा सुतासारखा सरळ आला होता. सुई टोचली तेव्हा पापणीसुद्धा लवली नाही. पंधरा मिनिटांत काम फत्ते. आता घरी गेल्यावर काय करायचं ते समजावून सांगायला बाई बाहेर आल्या.

काकू बाकावर होत्या. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, पर्स मांडीवरून घसरून जमिनीवर. बाईंनी हाक मारली. खांदा हलवला. काकूंनी पापण्या कशाबशा उचलल्या आणि परत सोडून दिल्या.

"झोपू द्या हो तिला," मागून काका म्हणाले. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळे बोलणं जड. "ती गोळी मी तिलाच दिली."

"काय?"

"तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा नव्हता, माझ्या काळजीनं. सकाळी बघतो तर हात थरथरतायत. आणि ती घाबरली की मी दुप्पट घाबरतो. म्हटलं, तूच घे. तासाभरात अशी शांत झाली, की माझी भीती पार पळाली. फार गुणी आहे तुमची गोळी."

बाईंना चिडायलाही वेळ नव्हता. त्यांनी काकूंच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. आकडा हवा त्याच्या बराच खाली होता. श्वास संथ, फारच संथ. प्राणवायूचं नळकांडं आलं, मास्क चढला, नर्सनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. आकडा थोडा वर सरकला आणि तिथंच अडला. एका गोळीनं एवढी गुंगी येत नाही. काकूंच्या पोटात आणखी काहीतरी होतं, आणि ते कळल्याशिवाय पुढचं औषध देणं म्हणजे अंधारात हात घालणं. ॲम्ब्युलन्सचे डॉक्टरही फोनवर तेच विचारत होते. पेशंट आणखी काय घेते?

तेवीस प्रश्नांतला एकही बाईंनी काकूंबद्दल विचारला नव्हता. आता त्यांनी काकांना विचारलं, काकू रोज काय घेतात?

"ही?" काका म्हणाले. "हिला कुठं काय होतं!"

मग ते थांबले. "रात्री काहीतरी घेते. पांढरं. गुडघ्याचं असेल." आवाज आणखी खाली गेला. "नाहीतर झोपेचं. मी विचारलं नाही कधी."

नर्सनं पर्स उलटी केली. किल्ल्या, रुमाल आणि काकांची फाइल. बाकी काही नाही. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी काकूंचे गाल थोपटले.

"काकू! जाग्या राहा. रोजच्या गोळ्या कोणत्या? नावं सांगा मला."

मास्कच्या आत ओठ हलले. बाईंनी मास्क जरासा उचलून कान लावला. काकू सांगत होत्या. पुटपुटत, पण एक अक्षर न चुकता. सकाळी उपाशीपोटी एक. नाश्त्यानंतर अर्धी. रात्री जेवून एक, ती चुकवायची नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. एकेक नाव त्या फोनवर मोठ्यानं सांगू लागल्या. पलीकडे कोणी ते भराभरा लिहून घेत होतं.

काकांनी बाईंची बाही घट्ट धरली.

"डॉक्टर, त्यांना सांगू नका," ते म्हणाले. "ह्या माझ्या गोळ्या आहेत."