पान एक्केचाळीसवरची आई

मेघनाने हात वर केला तेव्हा सर्जेराव सर स्टेजवर डोळे पुसत होते. बारामतीच्या त्या सभागृहात टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी सरांनी साहित्यसंज्ञांचं पुस्तक काढलं होतं. आज त्याचं प्रकाशन होतं. ‘सिम्बॉल’ ही संज्ञा समजावताना त्यांनी पान एक्केचाळीसवरचं उदाहरण मराठीत सांगितलं होतं. माझी आई कॉलेजच्या बांधकामावर विटा वाहायची. विटांचा ढीग कोसळला आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा गेला. तो नसलेला अंगठा हे माझ्या पदवीचं सिम्बॉल आहे.

उदाहरण मेघनाचं होतं. अकरा वर्षांपूर्वी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तिने दोनशे पानी वही भरून सरांकडे तपासायला दिली होती. सर दरवर्षी त्याच पिवळ्या कागदांवरून नोट्स सांगायचे आणि मुलांनी त्या शब्दशः उतरवायच्या, असा रिवाज होता. मेघनाने व्याख्या उतरवल्या, पण प्रत्येक उदाहरण लासुर्ण्यातल्या आपल्या घरातलं दिलं.

“घरचं रडगाणं इंग्रजीत आणू नकोस,” सर भर वर्गात म्हणाले होते. वीसपैकी चार गुण दिले. फर्स्ट क्लास दोन गुणांनी हुकला, एम.ए.चा प्रवेशही गेला. वही मागितली तर म्हणाले, हरवली.

ती आता इंदापुरात क्लास घेते. राग तिने विझू दिला नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीने या पुस्तकाची, सरांनी जाहिरातीसाठी आधीच वाटलेली काही पानं मोबाईलवर पाठवली. मेघनाचीच वही, त्याच क्रमाने. आयुष्यभर मुलांना उतरवायला लावणाऱ्या माणसाने सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. आई बदलायचाही कंटाळा केला होता. मेघनाने ती पानं घरी ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली.

प्रेक्षकांत फिरणारा माइक तिच्यापर्यंत आला. सरांनी तिला ओळखलं नाही. त्याचा तिला जास्तच संताप आला.

“सर, ही आई नक्की तुमचीच?”

“मग काय शेजारणीची?” सर हसले. सभागृहही हसलं.

“त्या आल्यात का आज?”

“आईला जाऊन नऊ वर्षं झाली.” सरांचा आवाज पुन्हा ओला झाला. “असती, तर इथंच सगळ्यांसमोर तिच्या पाया पडलो असतो.”

मेघना खाली बसली. तिला एवढंच वदवून घ्यायचं होतं.

तिच्या शेजारी बसलेली तिची आई, तुळसा, उठली. सावकाश स्टेजच्या पायऱ्या चढली. पाहुण्यांपैकीच कुणी असेल असं वाटून तिला कुणी अडवलं नाही. सरांच्या पुढ्यात जाऊन तिने उजव्या पायातली चप्पल काढली आणि पाय पुढे ठेवला. सरांनी खाली पाहिलं. पायाला चारच बोटं होती.

स्टेजवरचा माइक सरांच्याच हातात होता. त्यामुळे तिचं बोलणं पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“मी हाय की अजून. पड पाया.”